निवड वाढली आणि वाचन आखडलं? (कथा-कादंबऱ्या अधाशासारख्या वाचणाऱ्यांसाठी)

ओहोळ
मंडळी, पाऊस लागलाय, लाइट सकाळपासून येऊन-जाऊन आहे, आणि हातातली कादंबरी पन्नासाव्या पानावरच बाजूला ठेवली. एक खून, एक डिटेक्टिव्ह, त्याची बायको त्याला सोडून गेलेली, म्हणून तो रात्री एकटा पीत बसतो. वाटलं, हे आपण वाचलंय. फोनवरची यादी काढून पाहिली तर यंदा वाचलेलं जवळपास सगळं याच घाटाचं निघालं. लेखक वेगळे, देश वेगळे, प्रेत मात्र तेच.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. लहानपणी वाचनालय म्हणजे देवळाशेजारची एक खोली आणि तीत दोन लोखंडी कपाटं. तिथे पुस्तक निवडायची सोयच नव्हती. कोणाकडून जे परत आलेलं असेल ते न्यायचं. त्यामुळे अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारामागून श्री. ना. पेंडसे, त्यांच्यामागून शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी', मग नारायण धारप, मग मॉस्कोहून छापून आलेली एखादी रशियन कादंबरी. बाहेर वैशाखाचं ऊन, आंबे उतरवायची घाई, आणि मी माळ्यावर पालथा पडून बर्फात रुतलेल्या घोडागाडीची काळजी करतोय. आपल्याला काय आवडतं हे माहीतच नव्हतं, त्यामुळे सगळंच आवडायचं.

आता खिशात लाखभर पुस्तकं आहेत आणि मी एकाच बोळात येरझाऱ्या घालतोय. ॲप म्हणतं, 'तुम्हाला हेही आवडेल.' वाईट याचंच वाटतं की ते आवडतंही.

तर माझं म्हणणं असं: निवड वाढली की वाचन आखडतं. पटतं का? तुम्ही कथा-कादंबऱ्यांत मुद्दाम फेरपालट करता, की जे रुचतं तेच? करत असाल तर कशी?

एकच विनंती. 'कादंबऱ्या वाचून मिळतं काय' यासाठी वेगळा धागा काढा. ते ऐकवायला घरी काका आहेत.

फणसपोळी
'प्रेत मात्र तेच' ला हसून हसून पुरेवाट. सविस्तर नंतर लिहिते, घावण तव्यावर आहे.

कातळशिल्प
नाही पटलं. वाचन म्हणजे काय डॉक्टरने दिलेला आहाराचा तक्ता आहे, सकाळी सामाजिक, दुपारी ऐतिहासिक, रात्री झोपताना एक चमचा कविता? मी शाळेपासून विज्ञानकथा आणि भयकथा या दोनच गोष्टी वाचत आलोय आणि मला काडीचाही पश्चात्ताप नाही. एकच प्रकार भरपूर वाचला की त्यातले बारकावे कळायला लागतात. नारळीकरांच्या कथेत अनोळखी गोष्ट समोर आली की माणसं वही-पेन्सिल काढतात. धारपांच्या कथेत दार लावून घेतात. एवढा फरक एकाच फळीवर सापडत असताना दुसरी फळी कशाला चाळू?

तुमची अडचण प्रकाराची नाही. तुम्ही वाईट रहस्यकथा वाचताय.

ओहोळ
@कातळशिल्प, शेवटचं वाक्य वर्मी लागलं. पण 'वाईट' आहेत हे कळायला तरी मधे दुसरं काही वाचायला लागतं ना?

सुरंगी
मी तालुक्याच्या गावी 'क' वर्गाचं वाचनालय सांभाळते. (१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदान त्यावर ठरतं. ते कधी हातात पडतं हा विषय नको.)

काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते सांगते. फळ्यांपाशी फारसं कोणी जात नाही. येणारा पहिल्यांदा टेबलावर बघतो, आज काय परत आलंय म्हणून. कोणाच्या तरी घरी चार दिवस राहून आलेलं पुस्तक लोकांना खात्रीचं वाटतं. मग मागचं पान उघडून तारखांची चिठ्ठी बघतात. चिठ्ठीवर शिक्के दाटीने असतील तर पुस्तक पिशवीत. कोरी असेल तर लेखक कितीही मोठा असो, परत टेबलावर.

हे लक्षात आल्यावर मी एक लबाडी सुरू केली. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली चार-पाच पुस्तकं रोज सकाळी कपाटातून काढते, धूळ पुसते आणि 'परत आलेल्या' गठ्ठ्यात मधोमध सरकवते. आणि चिठ्ठीवर दोन-तीन शिक्के मारून ठेवते. एक निवृत्त पोस्टमास्तर फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या नेणारे. त्यांच्या पिशवीत असाच एकदा खानोलकरांचा 'कोंडुरा' गेला. आठ दिवसांनी आले आणि म्हणाले, 'हे काय दिलंत? मला झोप नाही.' मी म्हटलं, बदलून देऊ? तर म्हणाले, 'याचंच दुसरं काय आहे?'

तेव्हा ओहोळ, निवड हा प्रश्नच नाही. लोकांना दुसऱ्या कोणीतरी वाचलेलं हवं असतं. ॲप तेच करतं, फक्त माझ्याइतकी लबाडी करत नाही.

फणसपोळी
सुरंगीताई, खोटे शिक्के!! सरकारी कागद आहे तो!!
(दंडवत स्वीकारा.)

सुरंगी
@फणसपोळी, सरकारी नोंदवही वेगळी, ती चोख आहे. चिठ्ठी आमची.

तांडेल
आमची फेरपालट सरकार ठरवतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बोट वर ओढलेली, जाळी विणून झालेली, बायको म्हणते घरात पायात पायात येऊ नका. वर्षाचं वाचन त्या दोन महिन्यांत. बाकीचे दहा महिने वर्तमानपत्राचं राशिभविष्य.

हेमिंग्वेची ती म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, पुलंनी मराठीत आणलेली 'एका कोळियाने', ती मला आमच्या गुरुजींनी दिली. म्हणाले, तुमच्या धंद्याची आहे. मी वाचायला बसलो तो चुका काढायलाच. मुंबई-पुण्याचा माणूस समुद्रावर लिहितो तेव्हा त्याचा समुद्र नेहमी 'अथांग' असतो आणि मासा फक्त 'चंदेरी'. इथे तसं नाही. म्हातारा चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परत येतोय, आणि लोक त्याच्याकडे कसे बघतात ते बरोब्बर आलंय. बंदरावर ज्याला मासळी गावत नाही त्याच्याशी लोक वाईट बोलत नाहीत. कमी बोलतात. गरी लागल्यावर मासा खाली ओढ घेतो तेव्हा दोरी पाठीवरून घ्यायची, तळहातावर येऊ द्यायची नाही, हेही खरं. माझ्या उजव्या हाताला अजून वण आहे.

एक गोष्ट मात्र पटली नाही. एवढा मोठा मासा होडीला बाहेरून बांधून आणायचा आणि वाटेत शार्कनी तो खायचा. आमच्या आज्याने आधी त्या शार्कचंच मोरीचं (शार्कला आम्ही मोरी म्हणतो) मटण केलं असतं.

ओहोळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी कोळ्याचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते आपलं म्हणून. पण त्यानंतर मला दुसऱ्यांच्या धंद्याची पुस्तकं वाचायची गोडी लागली. खाणीतली माणसं, गिरणीतली माणसं, दवाखाने. दुसरा माणूस दिवसभर हाताने काय करतो ते ज्यात लिहिलंय ते पुस्तक मी सोडत नाही. प्रेमबीम असलं तर असो.

कातळशिल्प
'कमी बोलतात.' बस्स. आज दुसरं काही वाचायची गरज नाही.

गाबीत_मुलगी
माका जाडा पुस्तक होया, इतकाच. पातळ घेतलंय की मध्यरात्री संपता, मगे काय करू? वाचनालयातल्या काकांका सांगून ठेवलंय, विषय खंयचोय असूंदे, वजन करून द्या.

बिब्बा
सगळेजण त्या दोन कपाटांच्या आठवणीत रमलेत म्हणून थोडं कडू लिहितो. नावाला जागायला हवं.

आमच्याही गावात असं कपाट होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्या ओटीवर आम्ही चढायचं की नाही हेच आधी ठरलेलं होतं. शाळेत गेल्यावर ती अडचण कमी झाली, पण कपाटात होतं काय? खोतांची घरं, भटजींची घरं, त्यांच्या विधवा, त्यांचे हापूस. मी ते सगळं वाचलं, आवडीनेही वाचलं. आमच्या वाडीतलं माणूस त्यात कुठे असेल तर लाकडं फोडायला आलेलं. पान संपायच्या आत निघून जाणार.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. माझ्या हातात पडला तो मुंबईला नोकरीसाठी गेल्यावर, कॉट बेसिसच्या खोलीत. त्याहून जास्त लागलं ते उर्मिला पवारांचं. बाई आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, त्यांच्या कथांतल्या बायका बोलतात ते माझ्या आईचं बोलणं, आणि ते पुस्तक मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या कपाटात मिळालं नाही, ते फोनवर मिळालं.

तेव्हा 'निवड नव्हती म्हणून आम्ही सगळं वाचलं' हे म्हणताना 'सगळं' म्हणजे कोणाचं सगळं, ते एकदा बघा. निवड तेव्हाही कोणीतरी केलेलीच होती. फक्त ती तुम्हाला बोचत नव्हती.

फणसपोळी
+१. यावर घाईने काही लिहीत नाही.

ओहोळ
@बिब्बा, हे मी मांडलेल्या प्रश्नापेक्षा मोठं आहे. माझ्या यादीत अर्नाळकर ते रशिया एवढा पल्ला आहे आणि मधली दोन मैलांवरची वाडी नाही, हे आता वाचताना दिसतंय. पण एक विचारतो, वाद म्हणून नाही: फोनवर तुम्हाला ते पुस्तक सापडलं कसं? ॲपने सुचवलं, की तुम्ही शोधलंत?

बिब्बा
शोधलं. खोलीतल्या मित्राने नाव सांगितलं होतं. ॲप मला अजूनही 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून करोडपती होण्याचे मार्ग दाखवतं.

सुरंगी
@बिब्बा, उर्मिला पवारांचं 'सहावं बोट' आमच्याकडे आहे. उद्या टेबलावर असेल. शिक्के मारावे लागणार नाहीत अशी आशा.

खाडीपलीकडे
दोन कपाटांत नसलेल्यांत आमचाही नंबर लावा. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं घर. आजोबा जहाजावर होते. ते येताना साबण, रेडिओ आणि इब्ने सफीच्या कादंबऱ्या आणायचे. त्यांची 'जासूसी दुनिया' ही रहस्यकथांची मालिका अलाहाबादहून १९५२ मध्ये सुरू झाली. फरीदी आणि हमीद ही तिच्यातली जोडी. दादीला उर्दू वाचता यायचं, आम्हा पोरांना फक्त बोलीतली कोकणी आणि शाळेतली मराठी. मग दादी उर्दू वाचणार, कोकणीत सांगणार, आणि मी दुसऱ्या दिवशी वर्गात ती मराठीत सांगणार. शेजारच्या बाकावरचा माझा मित्र झुंजारची गोष्ट सांगायचा. आमची अदलाबदल चालायची. एकदा त्याने झुंजार आणि फरीदीला एकाच गोष्टीत घातलं आणि चोर पळून गेला, कारण दोघांना एकमेकांवरच संशय.

त्यामुळे रहस्यकथा म्हणजे अरुंद वाचन, हे माझ्या गळी उतरत नाही. माझ्या घरात तीन भाषा एकत्र आल्या त्या रहस्यकथेपायीच.

कातळशिल्प
ओहोळ, ऐकताय ना?

ओहोळ
ऐकतोय. ती झुंजार-फरीदीची गोष्ट कोणी लिहून काढेल का?

भरती_ओहोटी
श्रीवर्धनकडून नमस्कार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते आमच्या डोक्यावरूनच आत शिरलं. वाडीतली पोफळी आडवी, खांब आडवे, नेटवर्क नाही, लाइट येणार कधी ते कोणालाच माहीत नाही. फोन दुसऱ्या दिवशी मेला. घराचे कौल उडाले होते, त्यामुळे दिवसभर काम. पण संध्याकाळी सातला काळोख पडला की करायचं काय?

घरात होतं ते वाचलं. कंदिलाच्या उजेडात, आळीपाळीने, मोठ्याने. आईच्या माहेरून आलेली ट्रंक उघडली, तीत वि. स. खांडेकर निघाले. मी खांडेकरांना कधी हात लावला नसता. कॉलेजात त्यांच्यावर हसायची पद्धत होती. आता सांगतो, अलंकार खूप आहेत, माणसं भाषणं करतात, सगळं खरं. पण मोठ्याने वाचून बघा. ते गद्य कानासाठी आहे. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात नारळाच्या भावापलीकडे काही वाचलं नाही, ते 'पुढे काय?' म्हणून कंदील माझ्याकडे सरकवायचे.

लाइट आली त्या दिवशी पुस्तक अर्धं राहिलं ते राहिलंच.

जुना_सभासद
खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, १९२० ते १९३८. म्हणजे तेही आपलेच म्हणायचे.

अवांतर: रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. 'दर्पण' १८३२ चा. म्हणजे पहिलं मराठी वृत्तपत्र निघायच्या आधी आपल्याकडे वाचनालय होतं. वाचायला काय होतं कोण जाणे.

गाबीत_मुलगी
@जुना_सभासद कायतरी जाडा असतला.

शेवरी
पावसाळी धागा आहेच तर कोणीतरी खरा प्रश्न सोडवा. पुस्तकांची बुरशी! माझ्या कपाटात 'तुंबाडचे खोत' चे दोन्ही खंड हिरवे झालेत. पेंडश्यांनी एवढं जाड लिहिलंय की मधल्या पानांना हवाच लागत नाही.

मुंबईकर_चाकरमानी
तुंबाड म्हणजे तो पिक्चर ज्या पुस्तकावरून काढला तेच ना? त्यात ते हस्तरचं भूत आहे का?

कातळशिल्प
अरे देवा. नाही, नाही, नाही. पेंडश्यांची कादंबरी १९८७ ची, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या चार पिढ्यांची. त्यात भूत नाही. भूत लागेल असे लोक मात्र आहेत. २०१८ च्या सिनेमाने गावाचं नाव तेवढं घेतलं. त्याचं बीज धारपांच्या कथेत आहे. दर पावसात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच.

मुंबईकर_चाकरमानी
बरं बरं, रागावू नका. म्हणजे हस्तर नाही. मग हजार पानं कशाला वाचायची?

कातळशिल्प
(श्वास घेतो आहे.)

वाशिष्ठी
@शेवरी, चिपळूणकरणीचं ऐक. आमच्याइतकी ओली पुस्तकं महाराष्ट्रात कोणी हाताळली नसतील.

रोजच्या दमटपणासाठी: कपाट भिंतीला चिकटवू नकोस, मागे हात जाईल एवढी जागा ठेव. पुस्तकं कोंबून लावू नकोस. आमच्याकडे आजी कपाटाच्या तळाशी चाळीसचा पिवळा बल्ब लावून ठेवायची, कपडे आणि पुस्तकं दोन्ही कोरडी राहायची. एलईडीने ते होत नाही, तो तापत नाही. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून कोपऱ्यात. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, आणखी पसरते. ऊन पडल्यावर अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडायची, तोंडाला रुमाल बांधून. आणि वाळवीवर वेखंड-फिकंड काही चालत नाही, तिथे माणूस बोलव.

पुराचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला पाणी चढलं तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर, पुस्तकं तळमजल्यावर. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत तिथे पाणी शिरलं, तर आमच्या घराची काय कथा. पाणी उतरल्यावर दिसलं ते असं: पुस्तकं फुगून फळीतच घट्ट बसलेली, ओढली तर कव्हर हातात येतं आणि बाकीचं आतच. दोन्ही बाजूंनी फळीच उचकटून काढावी लागली. चिखल लागलेलं पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात हलकं धुवायचं, हे मला तेव्हा कळलं. आधी अंगावर काटा आला, भिजलेलं पुस्तक पुन्हा पाण्यात? पण चिखल एकदा वाळला की निघत नाही. मग उभं करून, पानं जराशी उलगडून पंख्याखाली. मधे मधे कोरा कागद. गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं गेलीच, त्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट होते. साध्या कागदाच्या स्वस्त कादंबऱ्या वाचल्या.

एवढं सगळं एकदम वाळवता येत नाही, तेव्हा जाणकार सांगतात की ओली पुस्तकं पिशवीत घालून गोठवा, म्हणजे बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढा. आमच्या फ्रीजलाही पाण्याने गाठलं होतं.

तांडेल
बंदरावर बर्फाचा कारखाना आहे. पुढच्या खेपेला कळवा. पुस्तकं वाचतील, सुरमईचा वास येईल तेवढा.

वाशिष्ठी
@तांडेल, तसा वास आला तर नवरा पण पुस्तक उघडेल. चालेल.

शेवरी
वेखंड आणलं. बल्ब मिळाला नाही, दुकानदार म्हणाला आता येत नाहीत. खोतांना माळ्यावर हवेला ठेवलंय.

काजूगर
मी वाचत नाही, ऐकते. चालेल का इथे लिहिलेलं?

काजूच्या फॅक्टरीत कामाला आहे. बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी सोलते, राख किंवा तेल लावून बसायचं. त्या हातांनी पुस्तक काय, फोनसुद्धा धरता येत नाही. सकाळी घरून निघतानाच गोष्ट लावते आणि फोन पदरात खोचते. एक कान गोष्टीला, एक कान सुपरवायझरला. आमच्या रांगेतल्या बायका जेवायच्या सुट्टीत विचारतात, आज काय झालं? मग मी सांगते. खुनाची गोष्ट असली की सगळ्यांचे अंदाज सुरू होतात, आणि दरवेळी नणंद नाहीतर दीर. शहरातल्या एकट्या बाईची गोष्ट लावली होती, तिचं काहीच होत नाही, नुसती विचार करते. मला वाटलं कंटाळतील. एक बाई म्हणाली, 'एवढा विचार करायला तिला वेळ मिळतो तरी.' आणि त्यावर रांग संध्याकाळपर्यंत बोलत होती.

जुना_सभासद
ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, थांबू शकतो. ऐकताना दुसऱ्याच्या आवाजाच्या मागे फरफटत जायचं. मत आहे, राग नसावा.

खाडीपलीकडे
@जुना_सभासद, मग माझ्या दादीने मला काय केलं?

भरती_ओहोटी
आणि आमच्या वडिलांनी कंदिलापाशी काय केलं?

गाबीत_मुलगी
दशावतारात तर संवाद लिवलेलेच नसतत. कलाकार रंगमंचार उभो रवान तिथल्या तिथे बोलता. रात्रभर आमी काय करतव मगे? झोपतव?

जुना_सभासद
तिघांनी घेरलंत. बरं, वाचन नाही पण वाचनाच्या सख्ख्या बहिणीचा दर्जा देतो. यापुढे हटणार नाही.

काजूगर
चालेल काका. बहिणीला कामं जास्त असतात.

फणसपोळी
घावण झालं, पोरं झोपली, आता लिहिते.

धागा पुन्हा वाचला. सुरंगीताईंचा गठ्ठा, बिब्बांचा खोलीतला मित्र, तांडेलांचे गुरुजी, खाडीपलीकडच्या दादी, काजूगरची रांग. इथे ज्याच्या कोणाच्या वाचनाला वळण लागलंय ते एखाद्या माणसामुळे. ॲपची तक्रार करून काय होणार, त्याला आपल्याबद्दल आपण काय वाचलं एवढंच माहीत. तांडेलांना खाणीतल्या माणसांचं पुस्तक आवडेल हे त्याच्या बापाला कळलं नसतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी रत्नागिरी-दादर प्रवासात शेजारच्याच्या हातातलं पुस्तक वाचते. म्हणजे चोरून. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासूनचा छंद आहे. एकदा तुतारी एक्स्प्रेसला (केशवसुतांच्या कवितेचं नाव आहे, २०१७ पर्यंत ती राज्यराणी होती) एक कॉलेजची मुलगी भैरप्पांचं 'पर्व' वाचत होती, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं. महाभारत, पण त्यात शाप नाहीत, वर नाहीत, चमत्कार नाहीत. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांचे गुडघे दुखतात. खेड ते पनवेल मी तिच्या खांद्यावरून वाचलं. ती पान उलटायच्या आधी माझ्याकडे बघायची, झालं का म्हणून. उतरताना नाव लिहून घेतलं आणि घरी येऊन मागवलं.

असं काही आपापसांत करता येईल का? प्रत्येकाने स्वतःला आवडलेलं एक पुस्तक खालच्या माणसाला द्यायचं. त्याला काय आवडतं ते विचारायचं नाही.

कातळशिल्प
मला सामाजिक कादंबरी आली तर मी वाचणार नाही हे आत्ताच सांगतो.

फणसपोळी
तुम्हाला तीच येणार. दोन खंड.

बिब्बा
मी तयार आहे. ओहोळ माझ्या खाली आहेत असं धरतो. 'सहावं बोट'. कुठे मिळेल ते वर आलंच आहे.

ओहोळ
घेतलं. सुरंगीताई, तुमचं गाव कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवा, गुहागरहून एसटी असेल तर शनिवारी येतो. आणि माझ्याकडून खाली... खाली कोण आहे?

मुंबईकर_चाकरमानी
मी आहे. गणपतीला येतोय तेव्हा घेईन. भूत असलं तर बरं.

ओहोळ
धारप देतो. पण त्याची शेवटची चार पानं कसरीने खाल्लीत, खून कोणी केला ते तुम्हीच ठरवा.

कातळशिल्प
कुठलं पुस्तक? नाव सांगा, माझ्याकडे असेल. त्या पानांचे फोटो टाकतो.

सुरंगी
ओहोळ, शनिवारी या, पण साडेचारच्या आत. पाचला कुलूप लावते. आणि येताना ती खाल्लेली प्रत आणा, आमच्याकडे तिची जोडीची प्रत आहे, तिची पहिली दहा पानं नाहीत.